कादंबरीतली थोरली बहीण

शाळा सुटून योक सिम घरी पोचायची तेव्हा दीड वाजलेला असायचा. चपला काढता काढता तिचं लक्ष आतल्या दोन शेगड्यांकडे जायचं. एकीवर आईचं पातेलं, दुसरीवर मावशीचं. आईला हाडांच्या सुपातली पेज लागायची. मावशी उभा जन्म शाकाहारी. आईच्या पातेल्यातला डाव चुकून तिच्या पातेल्याला लागला, तर दिवसभर पाणीसुद्धा घ्यायची नाही. पहाटे पाचला उठून योक सिम ही दोन्ही पातेली चढवायची, मग बस गाठायची, चौथीच्या बेचाळीस मुलांपुढे घसा फोडायची, आणि परत येऊन बघायची तर दोन्ही पातेली भरलेली.

"आमा, जेवली का नाहीस?"

"ती शेगडीशी ठाण मांडून बसली होती. मी कशी जाणार?"

आतल्या खोलीच्या पडद्यामागून मावशीचा आवाज यायचा, "तिला सांग, मी अकरालाच उठले तिथून."

"आमा, यीमा म्हणते, ती अकराला—"

"ऐकलं मी. बहिरी नाहीये."

गेली तीन वर्षं हे असं चाललं होतं. मावशी, म्हणजे क्वान हो, पूर्वी गावाबाहेर डोंगराच्या कुशीतल्या शाकाहारी बायकांच्या मठात राहायची. लग्न न करण्याची शपथ घेतलेल्या, जन्मभर मोठ्या घरांमधली मुलं सांभाळलेल्या म्हाताऱ्या तिथे एकमेकींच्या आधाराने राहत. एकेक करून त्या गेल्या, मठाची जागा बिल्डरने घेतली, आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर क्वान हो एक वेताची पेटी आणि एक मूर्ती घेऊन मलेशियात इपोच्या नव्या शहरातल्या या घरात आली. तिला नाही म्हणणं योक सिमला शक्यच नव्हतं. तिची शाळा, तिची कापडं, तिचं शिक्षिका होणं, सगळं या मावशीच्या जिवावर झालेलं. योक सिमचा बाप कथलाच्या खाणीत होता. घर चालवणं त्याला कधी जमलं नाही, आणि ती दहा वर्षांची असताना तो गेलाही.

पण आई, साऊ चान, आणि मावशी एकमेकींशी बोलत नसत. आजकाल नव्हे, कधीच नाही. लहानपणी मावशी सुटीच्या दिवशी घरी यायची, खाऊ आणायची, आणि दोघी बहिणी पोरीमार्फत बोलायच्या. "यीमाला विचार, चहा घेणार का." "आईला सांग, घेईन." सगळ्या बहिणी अशाच असतात, अशी योक सिमची बरीच वर्षं समजूत होती. पुढे तिला वाटू लागलं, बापाच्या मयतीला काहीतरी बिनसलं असणार. विचारायचं धाडस झालं नाही. आता त्रेपन्नाव्या वर्षी धाडस होतं, पण विचारण्याइतकं त्राण उरलेलं नव्हतं.

तिने लग्न केलं नव्हतं. शपथ वगैरे काही नाही. राहून गेलं इतकंच. भाऊ सिंगापूरला. रविवारी फोन करून विचारायचा, "सगळं ठीक ना?" आणि तिने उत्तर द्यायच्या आत म्हणायचा, "बरं मग."

त्या वर्षी शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकेने शिक्षिकांचं एक वाचनमंडळ काढलं. महिन्याला एक पुस्तक वाचायचं, शेवटच्या शनिवारी त्यावर बोलायचं. या महिन्याला हाँगकाँगच्या कुणा बाईंची जाडजूड ऐतिहासिक कादंबरी होती. चीनमधल्या रेशमाच्या गावातल्या दोन बहिणी, युद्धाच्या तोंडावर समुद्र ओलांडून मलायात येतात, त्यांची गोष्ट. योक सिमने ती तीनदा उघडली आणि तिन्ही वेळा पहिल्याच पानावर तिचा डोळा लागला. मग तिला युक्ती सुचली. दुपारी आईला पडू दिलं की ती संध्याकाळभर चिडचिड करायची. गेल्या वर्षापासून विसरायलाही लागली होती. तेव्हा दुपारी आईलाच मोठ्याने वाचून दाखवावं. आई जागी राहील, आपणही जागे राहू, आणि पुस्तक संपेल.

पहिल्या दिवशी आईने वेताच्या खुर्चीत पाय वर घेऊन ऐकलं. दुसऱ्या दिवशी आतल्या खोलीतलं स्टूल सरकल्याचा आवाज आला. तिसऱ्या दिवशी पडद्याखाली मावशीच्या काळ्या कापडी बुटांची टोकं दिसली.

कादंबरीतल्या बहिणी फार सुंदर होत्या. थोरली शहाणी, धाकटी नाजूक. मलायातल्या एका अनोळखी माणसाशी धाकटीचं लग्न ठरतं. निघायच्या दिवशी थोरली गुपचूप तिची लाल ओढणी स्वतःच्या डोक्यावर घेते, धाकटीच्या नावाने ती पाठवणी करून घेते, आणि जहाजात पाऊल ठेवल्यावरच ओढणी बाजूला करून सोबत आलेल्या धाकटीला म्हणते, ‘तुझं आयुष्य तू जग.’ मग दोघी डेकवर उभ्या राहून समुद्रावरचा चंद्र बघतात. लेखिकेने त्या चंद्रावर अडीच पानं लिहिली होती.

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पडद्यामागून मावशी म्हणाली, "चंद्र!"

योक सिम थांबली.

"कुठला आलाय चंद्र? आम्ही जहाजाच्या तळाशी होतो, कोंबड्यांच्या खुराड्यांशेजारी. वर जायची शिडी सकाळी एकदाच उघडायचे, बादल्या रिकाम्या करायला. या लिहिणाऱ्या बाईला विचार म्हणावं, बादलीत दिसला का चंद्र."

"यीमा, गोष्ट आहे ती."

"आणि सदतीस साली लाल ओढणी कुणी दिली गं? रेशमाचे कारखाने बंद पडून पाच वर्षं झाली होती. घरात अंग पुसायला फडकं नव्हतं."

"वाचू का नको?"

"वाच की. मी कुठे ऐकतेय?"

तर अशी ती कादंबरी पुढे सरकू लागली. आई रडायची, मावशी पडद्याआडून चुका काढायची. बंदरावर उतरल्यावर बहिणींना एका दयाळू गोऱ्या डॉक्टरने संत्रं दिलं, असं आलं तेव्हा मावशी खो खो हसली. "संत्रं! बंदराआधीच्या बेटावर तपासणीसाठी आठ दिवस कोंडलं होतं आम्हाला. डोक्यात उवांचं औषध ओतलं, ते डोळ्यांत गेलं. संत्रं म्हणे!" योक सिमलाही हसू आलं. या घरात हसल्याला किती दिवस झाले होते, तिला आठवेना. दमलेल्या माणसाला हसण्यानेही दमायला होतं. पुस्तक मिटून ती तिथेच चटईवर आडवी झाली.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस ती शाळेतून आली तर दोन्ही पातेली रिकामी होती. घासून पालथी घातलेली.

आई आणि मावशी टेबलाशी बसल्या होत्या. समोरासमोर नाही, एकाच बाजूला, बसमध्ये बसावं तशा. मावशीचा चेहरा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

"काय झालं?" योक सिमने विचारलं.

आई म्हणाली, "काजेचे पाय किती सुजलेत बघ. काजे, तू तेल लावत नाहीस का गं?"

काजे. थोरल्या बहिणीला हाक मारायचा हा साधा शब्द योक सिमने आईच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तिने मावशीकडे पाहिलं. मावशीने मान हलवली, म्हणजे मला काही विचारू नकोस.

त्यानंतरचे दहा दिवस योक सिमला वाटलं, देवालाच तिची दया आली. आई मावशीला वाढायची, मावशी मुकाट्याने खायची. आई तिच्या पायांना तेल लावायला बसायची, मावशी पाय ओढून घ्यायची, आई परत धरायची. निरोपांची ने-आण थांबली. मागच्या दाराशी मोड काढायला ठेवलेले मूग बघायचीही कुणाला आठवण करून द्यावी लागेना. दुपारचं वाचन झालं की योक सिम तासभर झोपायची, अगदी मेल्यासारखी. शाळेत सहकारी म्हणाल्या, तुझ्या डोळ्यांखालचं काळं कमी झालंय.

आई काय बोलते, इकडे तिचं लक्षच नव्हतं. लक्ष गेलं ते शेजारीण भाजी द्यायला आली तेव्हा. आई तिला सांगत होती, "माझ्या बहिणीने माझ्यासाठी केलं ते कुणी करणार नाही. माझं लग्न ठरलं होतं, एका परक्या म्हाताऱ्याशी. हिने माझी ओढणी स्वतःच्या डोक्यावर घेतली. मला कळलंसुद्धा नाही. जहाजावर गेल्यावर म्हणाली, तुझं आयुष्य तू जग."

शेजारणीने हातांनीच डोळे पुसले. मावशी उठून आत गेली.

"आमा, ते पुस्तकातलं आहे," योक सिम म्हणाली.

आईने तिच्याकडे अदबीने पाहिलं. "पुस्तकात लिहिलंय होय? बरं झालं. लिहायलाच पाहिजे होतं कुणीतरी."

योक सिमने तेव्हा ते सोडून दिलं. म्हातारं माणूस, दोन गोष्टींची एक करतं. पण दोन दिवसांनी ती आईला आंघोळ घालत होती. केसांवरून पाणी ओतताना आई म्हणाली, "तुम्हाला फार त्रास होतो माझा."

"तुम्हाला?"

"दिवसभर शाळेत शिकवता, आल्यावर माझं करता. काजेने चांगलं वळण लावलंय तुम्हाला. मावशीचं एवढं कोण करतं?"

योक सिमच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "आमा, मी कोण?"

"असं काय विचारता? काजेची मुलगी ना तुम्ही." आई हसली. "लग्न तिचं झालं, म्हणजे मुलगी तिचीच असणार. माझं कुठे लग्न झालंय?"

तिने आईचं अंग पुसलं, कपडे घातले, पावडर लावली. मग ती मोरीत परत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. ती रडली नाही. रडायला बसावं लागतं आणि बसलं की उठावं लागतं, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

मावशी दाराशी उभी होती.

"उद्यापासून ते पुस्तक बंद," ती म्हणाली.

"अजून शंभर पानं आहेत."

"जाळून टाक. मला मुलगी चिकटवली तिने! मी केस बांधून शपथ घेतलेली बाई. साठ वर्षं कुणा पुरुषाकडे मान वर करून बघितलं नाही. आणि ही गावभर सांगते, माझं लग्न झालं."

"तुझी शपथ मोडली याचं तुला वाईट वाटतंय?" योक सिमचा आवाज चढला. "माझी आई मला तुम्ही म्हणतेय, यीमा. आणि तरीही मी ते पुस्तक वाचणार. का सांगू? तीन वर्षांत पहिल्यांदा या घरात मला दुपारी झोप लागली. तुम्हा दोघींचं पोस्टमनपण करून माझं अंग मोडलंय. आता तुम्ही एका टेबलाशी जेवताय. मी मुलगी नसले तर नसले. झोप तर मिळतेय."

मावशी दाराची चौकट धरून खाली बसली. एवढी ताठ बाई, पण बसली ती पोतं ठेवल्यासारखी.

"ती माझ्या पायांना तेल लावते," मावशी म्हणाली. "तुला माहीत नाही मला काय होतं. रोज वाटतं, पाय तोडून टाकावेत."

"का?"

"कारण ते उलटं आहे. त्या बाईने सगळं उलटं लिहिलंय."

मग ओल्या मोरीच्या उंबऱ्यावर बसून मावशीने सांगितलं. लग्न ठरलं होतं ते तिचं, थोरलीचं. पेराकच्या खाणीतला चोंग नावाचा माणूस, वयाने वीस वर्षांनी मोठा. कुणीतरी गावकऱ्याने जुळवलेलं. क्वान हो एकोणीस वर्षांची होती. तिच्या दोन मैत्रिणी कारखान्यात असतानाच केस बांधून शपथ घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. निघायला बारा दिवस असताना ती पहाटे त्यांच्याकडे गेली, केस वर बांधून घेतले, आणि अंबाडा घालूनच घरी आली. एकदा तो अंबाडा चढला की बापालाही काही करता येत नसे.

"बापाने मला मारलं. मग विचारलं, आता त्यांना तोंड काय दाखवू? मी म्हटलं, चानला पाठवा." मावशी थांबली. "मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही. सोळा वर्षांची होती ती. तिला सांगितलं, आपण दोघी रबराच्या मळ्यात कामाला चाललोय. जहाजात मला चिकटून झोपायची. म्हणायची, काजे, मळ्यात आपल्याला एकच खोली देतील ना? मी म्हणायचे, देतील."

"आणि मग?"

"इपोच्या स्टेशनवर तो उभा होता. हातात नाव लिहिलेला कागद. मी तिला म्हटलं, यांच्याबरोबर पुढे हो, हे मळ्याचे मुकादम आहेत, मी परवा येते. ती गेली. मागे वळून हात हलवत गेली. मला एका कथलाच्या खाणमालकाच्या घरी मुलं सांभाळायचं काम मिळालं. मी तिच्याकडे गेले ती तीन महिन्यांनी. तोवर तिच्या पोटात तुझा भाऊ होता." मावशीने तोंडावरून हात फिरवला. "त्या दिवशी तिने मला दारातून आत घेतलं, चहा दिला, आणि चोंगला म्हणाली, यांना विचारा, साखर लागेल का. तेव्हापासून."

योक सिम पाटावर बसली. तिला राग यायला हवा होता आणि तो कुठेतरी लांब होताही, पण इतक्या लांब जाऊन तो आणायचा कुणी?

"तू गेली असतीस तर मी जन्मले नसते," ती म्हणाली.

"हेच मी स्वतःला सांगत आले. तुला बघितलं की दर वेळी. काही उपयोग झाला नाही."

शेवटी मावशी म्हणाली, "मी तिला सांगणार आहे."

"आता? तिला कळणार नाही, यीमा. आणि कळलं तर परत पहिल्यासारखं होईल. दोन शेगड्या, दोन पातेली."

"होऊ दे."

"तुला काय, होऊ दे! पहाटे उठायचं मला आहे."

"मग मी उठेन," ऐंशी वर्षांची मावशी म्हणाली. "पण तिच्या हातून हे तेल मी घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी योक सिम पुस्तक घेऊन बसली तेव्हा मावशी पडद्यामागून बाहेर आली, स्टूल ओढून आईच्या समोर बसली आणि म्हणाली, "आज मी सांगते."

आईला आनंद झाला. तिने पाय वर घेतले.

मावशीने सगळं सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. पण तोंडातून ‘मी’ आणि ‘तू’ काही तिला काढता येईना. थोरली असं म्हणाली, धाकटी तसं म्हणाली, अशीच गोष्ट आली. अंबाडा आला, बापाचा मार आला, कोंबड्यांची खुराडी आली. स्टेशन आलं तेव्हा मावशीचा आवाज बसला. योक सिमने पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही.

आई एकटक ऐकत होती. रडली नाही. या गोष्टीला तिच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब आला नाही.

"ती परवा आली का?" तिने विचारलं.

"नाही. तीन महिन्यांनी आली."

"धाकटी वाट बघत असेल."

"असेल."

"दारात बसून राहायची. संध्याकाळी तो जेवायला मागायचा, तरी उठायची नाही. मार खायची." हे मावशीने सांगितलं नव्हतं. आई बोलतच होती, सावकाश, कपाळाला आठ्या घालून. "थोरली आली तेव्हा तिच्या अंगावर पांढराशुभ्र सदरा होता. इस्त्रीचा. अशी स्वच्छ आली होती."

"हो," मावशी म्हणाली. "नोकरीतला होता तो."

"किती वर्षांची होती ती?"

"एकोणीस."

आईने त्यावर विचार केला. मावशी तिच्या तोंडाकडे बघत होती, वर्गात मार बसायच्या आधी मूल बाईंकडे बघतं तशी.

"एकोणीस म्हणजे कळण्याचं वय आहे," आई म्हणाली. "मी त्या धाकटीच्या जागी असते तर जन्मभर तिच्याशी एक शब्द बोलले नसते."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली.

"मेल्यावरसुद्धा नसते बोलले."

"बरोबर आहे, आ-चान."

आईने वाकून मावशीचा हात हातात घेतला आणि थोपटला. "तू अशी नव्हतीस, काजे. म्हणून तुला समजत नाही, माणसं कशी असतात." मग ती योक सिमकडे वळली. "ही गोष्ट चांगली नाही. तुम्ही आपलं ते जुनंच वाचा."

योक सिमने पुस्तक उघडलं. खूण कुठे होती ते तिला दिसेना. मावशी उठून आत गेली आणि पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने योक सिम आत गेली तर मावशी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"यीमा, बरं वाटत नाही का?"

"बरंय," मावशी भिंतीला म्हणाली. "आज ती बोलली माझ्याशी. ऐकलंस ना? ती खरी चान होती. पांढरा सदरा... मी विसरले होते."

"पण तिने माफ नाही केलं."

"माफ कशाला करेल? तिने सांगितलं मला. तोंडावर. साठ वर्षांनी." मावशीने डोळे मिटले. "जा, झोप तू जरा. पातेली मी बघते."

शेवटच्या शनिवारी वाचनमंडळ भरलं. मुख्याध्यापिकेने घरून शिऱ्यासारखा नारळाचा गोड पदार्थ करून आणला होता. पाचवीच्या बाई म्हणाल्या, कादंबरी वाचून आपल्या आज्यांनी केवढा त्याग केला ते कळलं. संगीताच्या बाई म्हणाल्या, चंद्राचं वर्णन त्यांनी वहीत उतरवून घेतलंय. सगळ्यांचं झाल्यावर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "योक सिम बाई, तुम्ही तर घरी वाचूनच दाखवलीत म्हणे. म्हाताऱ्यांना कशी वाटली?"

योक सिमला पुष्कळ बोलता आलं असतं. तिने घड्याळाकडे पाहिलं. आईच्या औषधाची वेळ होत आली होती.

"एकीला फार आवडली," ती म्हणाली. "दुसरीच्या मते बऱ्याच चुका आहेत."

सगळ्या हसल्या.

"आणि तुम्हाला?"

"मला ती दुपारची झोप लागायला उपयोगी पडली." परत हसल्या. कुणाचा अपमान झाला असं वाटू नये म्हणून तिने सांगितलं, "थोरली बहीण जरा जास्तच चांगली दाखवलीय. तेवढी चांगली नसती तरी चाललं असतं. तिला मग कुणीतरी ओळखलं असतं."

कादंबरी संपली, पण आईच्या डोक्यातली संपली नाही. मावशी आपल्या शब्दाला जागली; पहाटे योक सिमच्या आधी उठून दोन्ही शेगड्या पेटवायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिने हाडांचं सूप उकळलं, तोंड फिरवून, नाकाला रुमाल लावून. तेल मात्र तिने लावून घेतलं नाही. आई बाटली घेऊन आली की ती बाटली काढून घ्यायची आणि आईच्याच पायांना चोळायला लागायची. आई संकोचायची, "काजे, तू किती गं करशील," आणि मावशी चोळत राहायची.

पावसाळा संपता संपता आईचं जेवण कमी झालं. योक सिमने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघींना टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. मावशीला न्यायचं कारण नव्हतं, पण ती आधीच बूट घालून दारात उभी होती.

खिडकीशी बसलेल्या नर्सने फॉर्म पुढे ओढला. "पेशंटबरोबर कोण आहे? नातं काय?"

योक सिमने तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली. "ही माझ्या बहिणीची मुलगी. फार मायेची आहे हो. आमच्यात असं कुणी नाही."

नर्सने लिहायला पेन टेकवलं. मावशीने काठी बाकाला टेकवली, खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवले.

"चुकीचं लिहू नका," ती म्हणाली. "ही तिचीच मुलगी आहे. पोटची. लग्न तिचं झालं, माझं नाही. मी फक्त बहीण आहे, तीही..." तिने फॉर्मवर बोट ठेवलं. "मुलगी लिहा."

आईने आश्चर्याने मावशीकडे पाहिलं, मग योक सिमकडे. बराच वेळ पाहिलं. काही सापडतंय का ते शोधत असावी तशी. मग तिने नर्सला समजावल्यासारखं हळूच सांगितलं, "काजे मोठ्या मनाची आहे. स्वतःचं असलं तरी दुसऱ्याला देऊन टाकते."

नर्सने खांदे उडवले आणि ‘मुलगी’ लिहिलं. त्यांचा नंबर चव्वेचाळीस होता. आत सव्वीस चालला होता. तिघी बाकावर ओळीने बसल्या, आई मध्ये. पंखा फिरत होता, पण वारा पोचत नव्हता. कुणाचं तरी मूल एकसारखं खोकत होतं. योक सिमने पर्स मांडीवर घट्ट धरली, मान भिंतीला टेकवली आणि मावशीला म्हणाली, "चाळीसच्या पुढे गेला की उठव मला." मावशी म्हणाली, "झोप तू. मी जागी आहे."